पोलिसांचा खर्च कोण भरतो?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या तालुक्यातल्या एका गावात वरातीतल्या गाण्यावरून बौद्धवाड्यातल्या दोन पोरांना मारहाण झाली. जातीवरून शिव्या दिल्या गेल्या. त्यांतला एक माझा विद्यार्थी. रात्री फोन आला आणि आम्ही सातजण ठाण्यात गेलो. ते ठाणे कोणते, हे येथे सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण कोणत्याही तालुक्याला हेच ऐकायला मिळेल. ठाणे अंमलदार तसा बरा माणूस होता. आम्हांला बसायला बाक दिला, पाणी दिले. मग म्हणाला, "सर, तक्रार घेतो. नाही कोण म्हणतंय? पण कागद संपलाय. एक रीम तेवढी मागवा." दोन तासांनी दुसरी गोष्ट निघाली. जागेचा पंचनामा करायला साहेबांना गावी न्यायचे तर सरकारी गाडीत डिझेल नाही. "एखादी जीप सांगा, लवकर उरकेल." पोरांच्या बापाने जीप सांगितली. कागद मी आणला. चहा तर कोणी मागितलाही नव्हता, तो आम्हीच सांगितला.

त्या रात्री मला त्या माणसाचा राग आला. घरी येताना वाटत होते की हा लाच खाण्याचाच एक सभ्य प्रकार. पुढे माझा एक जुना विद्यार्थी, जो आता दुसऱ्या जिल्ह्यात पोलीस शिपाई आहे, दिवाळीला भेटला. त्याला हा किस्सा सांगितला तर तो हसला नाही. म्हणाला, "सर, आम्ही प्रिंटरची शाई वर्गणी काढून भरतो. समन्स बजावायला स्वतःच्या मोटारसायकलवर जातो. ते पेट्रोल कुणाकडून घ्यायचं?" तेव्हा प्रश्न असा पडला की ठाणे अंमलदार खोटे बोलत होता की खरे? आणि खरे बोलत असेल, तर दरवर्षी विधिमंडळात पोलिसांसाठी जो हजारो कोटींचा आकडा मंजूर होतो, तो जातो कुठे?

आपल्या चळवळीला पोलीस ठाण्याची वाट पाठ आहे. मोर्चे तिथेच जातात, निवेदने तिथेच दिली जातात, आपली पोरे तिथेच बसवून ठेवली जातात. पण पोलिसांच्या पैशाचे पुस्तक आपण उघडत नाही. ते आकड्यांचे म्हणून कंटाळवाणे, आणि आकडे हे आपले काम नव्हे असे आपल्याला फार काळ शिकवलेले. माझ्या घरात बी.ए.पर्यंत पोचलेला मी पहिला. अर्थसंकल्पाचे पुस्तक हातात घेताना मलाही ते दुसऱ्याच्या देवघरातले सोवळे असल्यासारखे वाटले. तसे ते नाही. वाण्याच्या खतावणीहून ते फार अवघड नाही.

आधी पैसा येतो कुठून ते पाहू. पोलीस हा राज्याचा विषय. घटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत पहिली नोंद सार्वजनिक सुव्यवस्थेची आणि दुसरी पोलिसांची. म्हणून महाराष्ट्राच्या पोलिसाचा पगार मुंबईहून, राज्याच्या एकत्रित निधीतून होतो. ह्या निधीत वस्तू व सेवा करातला राज्याचा वाटा येतो, पेट्रोल-डिझेलवरचा कर येतो, दारूवरचे शुल्क येते, जमिनीच्या खरेदीखताचे मुद्रांक शुल्क येते, केंद्राच्या करांतला हिस्सा येतो. म्हणजे साबणाची वडी घेणारी मोलकरीणही पोलिसांचा खर्च भरते. हे मुद्दाम सांगतो, कारण ठाण्यात "आमच्या पैशावर तुम्ही" असे म्हणण्याचा अधिकार फक्त मोठ्या करदात्याला आहे असा एक समज सगळीकडे आहे.

दुसरा समज दंडाचा. चौकात वाहतूक पोलीस पावती फाडतो तेव्हा लोकांना वाटते, हे पैसे पोलीस खात्याला मिळाले. ते मिळत नाहीत. दंड, परवान्यांची फी, बंदोबस्ताचे शुल्क हे सारे राज्याच्या जमेत जाते. त्या जमेचे शीर्ष वेगळे, ००५५. खर्चाचे शीर्ष वेगळे, २०५५. एकातून थेट दुसऱ्यात काही ओतता येत नाही. विधिमंडळाने मंजूर केल्याशिवाय एकत्रित निधीतून पैसा निघत नाही, हा नियम पोलिसांनाही आहे, आणि तो असायलाच हवा. ज्या दिवशी पोलीस स्वतःच्या दंडावर जगू लागतील, त्या दिवशी दंड कोणाकडून वसूल होईल हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

केंद्राचा पैसा येतो, पण तो वरचा. १९६९ पासून राज्य पोलिसांच्या आधुनिकीकरणाची केंद्रीय योजना चालू आहे. महाराष्ट्रासारख्या राज्याला त्यात सध्या केंद्राचे ६० व राज्याचे ४० असे प्रमाण आहे. हा पैसा शस्त्रे, संपर्क यंत्रणा, न्यायवैद्यक साधने अशा कामांचा. गडचिरोलीसारख्या नक्षलग्रस्त जिल्ह्यात सुरक्षेवरच्या काही खर्चाची परतफेड केंद्र करते. रेल्वे स्थानकांवर जे राज्याचे लोहमार्ग पोलीस असतात, त्यांचा खर्च रेल्वे आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. उलट केंद्राचे राखीव दल राज्याने मागवले तर त्याचे बिल राज्याला येते. अलीकडे जिल्हा नियोजन समितीच्या निधीतूनही पोलिसांना गाड्या आणि कॅमेरे मिळू लागले आहेत. पालकमंत्री चाव्या देतात, फोटो छापून येतो. गाडी येते, तिच्यात रोज घालायचे डिझेल त्या फोटोत नसते.

आता पुस्तकाकडे वळू. गृह विभागाच्या मागण्यांत पोलीस प्रशासनाची मागणी बी-१ ह्या क्रमांकाने येते. तिच्यात प्रधान शीर्ष २०५५, पोलीस. त्याच्या पोटात गौण शीर्षे: ००१ संचालन व प्रशासन, ००३ शिक्षण व प्रशिक्षण, १०१ गुन्हे अन्वेषण, १०४ विशेष पोलीस, १०९ जिल्हा पोलीस, ११० ग्राम पोलीस, १११ लोहमार्ग पोलीस, ११५ आधुनिकीकरण, ११६ न्यायवैद्यक विज्ञान, आणि आणखी काही. इमारतींचा भांडवली खर्च ४०५५ खाली वेगळा. हे क्रमांक देशभर तेच आहेत, त्यामुळे एकदा कळले की कोणत्याही राज्याचे पुस्तक वाचता येते.

नुसती नावे वाचून काही होत नाही. त्या नावांमागची माणसे आठवावी लागतात. १०४ विशेष पोलीस, म्हणजे आपल्याकडे मुख्यतः राज्य राखीव पोलीस दल. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, त्यात १० जण मेले. तो ह्याच दलाच्या तुकडीने केला. त्या गोळ्या ह्या पुस्तकात कुठेतरी सामग्री व पुरवठा म्हणून लिहिलेल्या होत्या, विधिमंडळाने मंजूर केलेल्या होत्या. आपल्या आमदारांनीही हात वर केलेला असणार. हे मी कोणाला टोमणा म्हणून सांगत नाही. गृह खात्याच्या मागण्यांवर सभागृहात चर्चा होते ती मंत्र्यावरच्या आरोपांची, कुठल्या तरी खुनाची, कुठल्या तरी बदलीची. शीर्षे कोणी वाचीत नाही. मग मुदत संपते आणि उरलेल्या मागण्या एकगठ्ठा मताला टाकल्या जातात.

प्रत्येक गौण शीर्षाखाली खर्चाच्या बाबी असतात. ०१ वेतन. ११ देशांतर्गत प्रवास खर्च. १३ कार्यालयीन खर्च. २४ पेट्रोल, तेल व वंगण. मोटार वाहने, यंत्रसामुग्री, कंत्राटी सेवा, गुप्त सेवा खर्च ह्या आणखी काही. ठाणे अंमलदाराने मागितलेली रीम म्हणजे बाब १३. जीप म्हणजे बाब २४. त्या रात्री आम्ही सातजणांनी महाराष्ट्र शासनाच्या दोन बाबी भरल्या.

खर्चाचा बहुतेक भाग वेतन खाते. पोलीस खात्याच्या दर शंभर रुपयांतले ऐंशीहून अधिक वेतन व भत्त्यांत जातात, आणि हे सगळ्याच राज्यांत थोड्याफार फरकाने असेच आहे. दोन लाखांहून अधिक मंजूर पदांचे दल म्हटल्यावर दुसरे काय होणार? ह्याबद्दल तक्रार करण्याआधी आपण थोडे थांबले पाहिजे. मुंबई-पुण्याची वर्तमानपत्रे "पगारातच सगळा पैसा जातो" असे नाक मुरडून लिहितात. पण तो पगार कोणाच्या घरी जातो? माझ्या वर्गातली निम्मी पोरे पहाटे पाचला मैदानावर धावतात ती पोलीस भरतीसाठी. भूमिहीनाच्या घरात पहिला महिन्याचा ठरलेला पैसा येतो तो बऱ्याचदा ह्याच ०१ ह्या बाबीतून. पगार कमी करा अशी मागणी आपल्याला परवडणारी नाही, आणि ती न्यायाचीही नाही. बारा-चौदा तास उभे राहणाऱ्या शिपायाला मिळते ते काही फार नव्हे.

दुखणे पगार मोठा असण्यात नाही. पगार हा टाळता न येणारा खर्च, म्हणून तो आधी धरला जातो. आणि तोटा आला, काटकसरीचे परिपत्रक निघाले, की कात्री चालते ती उरलेल्या लहान बाबींवर. शिपाई ठेवायचा, पण त्याला कागद द्यायचा नाही. तपास अधिकारी ठेवायचा, पण त्याची गाडी हलू द्यायची नाही. शेतकऱ्याने बैल ठेवावा आणि वैरणीचे पैसे वाचवावेत, तसे हे झाले. असा बैल मग दुसऱ्याच्या शेतात तोंड घालतो. प्रशिक्षणाची तर गोष्टच नको. देशभर पोलिसांच्या खर्चातला प्रशिक्षणावरचा वाटा शेकडा दीड टक्क्याच्याही आत आहे. ज्या शिपायाला अॅट्रॉसिटीचे कलम नीट लावता येत नाही म्हणून आपण संतापतो, त्याला ते कलम किती तास शिकवले होते ते विचारून पाहावे.

ह्यात आणखी एक गोष्ट आहे, जी मला पुस्तक वाचूनही कळली नव्हती. ती त्या शिपाई विद्यार्थ्याने सांगितली. पोलीस ठाण्याला स्वतःचे असे अंदाजपत्रक नसते. पैसा महासंचालकांकडे येतो, तेथून पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे वाटला जातो. कोषागारातून पैसे काढण्याचा अधिकार, ज्याला सरकारी भाषेत आहरण व संवितरण म्हणतात, तो अधीक्षक कार्यालयाकडे. ठाण्याला तेथून वस्तू मिळतात: इतके कागद, इतके लिटर डिझेल. महिन्याचे डिझेल वीस तारखेला संपले तर ठाणेदार जादा मागणी करू शकतो, आणि वाट पाहू शकतो. त्या वाट पाहण्याच्या दहा दिवसांत गुन्हे थांबत नाहीत. दुसऱ्या टोकाला मार्च महिना. वर्षभर न आलेला पैसा मार्चअखेर येतो, आणि एकतीस तारखेच्या आत खर्च झाला नाही तर परत करावा लागतो. म्हणून एप्रिलमध्ये नवी कपाटे दिसतात आणि जुलैमध्ये कागद नसतो.

बरे, डिझेल सगळ्यांनाच कमी पडते असे असते तर एक वेळ म्हटले असते, गरिबाघरची अडचण आहे. पण बंदोबस्ताच्या गाड्यांचे डिझेल संपल्याचे कोणी ऐकले आहे काय? मंत्री तालुक्याला येतो त्या दिवशी पाच ठाण्यांच्या गाड्या रस्त्यावर असतात. २०१२ च्या दिल्लीतल्या बलात्काराच्या घटनेनंतर केंद्राने २०१३ मध्ये निर्भया निधी काढला, स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी. त्या निधीतून मुंबई पोलिसांनी जून २०२२ मध्ये २२० बोलेरो गाड्या घेतल्या. त्यांतल्या ४७ गाड्या पुढच्याच महिन्यात अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या संरक्षणासाठी मागवून घेतल्या गेल्या, हे त्या वर्षाच्या डिसेंबरात वृत्तपत्रांनी छापले. काही परत आल्या, काही बोभाटा होईपर्यंत आल्या नाहीत. स्त्रियांच्या नावाचा पैसा आमदार-खासदारांच्या मागे धावत होता. आपल्या नावाच्या पैशाचे काय होते हे ज्यांनी अनुसूचित जाती उपयोजनेच्या निधीचा प्रवास पाहिला आहे, त्यांना ह्यात नवल वाटणार नाही.

शहरांवरचा खर्च हाही असाच एक भाग. मुंबईत कॅमेऱ्यांचे जाळे बसवले गेले त्याचे कंत्राट सुमारे साडेनऊशे कोटींचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर असा खर्च होणे समजण्यासारखे आहे. पण गावकुसाबाहेरच्या वस्तीला कॅमेरा नको आहे. तिला रात्री साडेअकराला येणारी एक गाडी हवी आहे.

पोलीस पैसे घेऊनही मिळतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९५१ च्या पोलीस कायद्यात, जो आधी मुंबईच्या नावाने होता व आता महाराष्ट्राच्या नावाने आहे, कलम ४७ प्रमाणे कोणीही अर्ज करून स्वतःच्या खर्चाने जादा पोलीस मागू शकतो. मोठमोठे सोहळे, सामने, कारखाने ह्यांना असा बंदोबस्त मिळतो, त्याचे शुल्क ठरलेले असते. क्रिकेट सामन्यांचे असे शुल्क वर्षानुवर्षे थकले होते. जून २०२३ मध्ये शासनाने ते शुल्क कमी केले, आणि नुसते पुढच्या सामन्यांना नव्हे तर मागे २०११ पासून लागू केले. थकलेल्या १४ कोटींवर रुपयांचा प्रश्न त्यामुळे उभा राहिला आणि २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शासनाला त्याबद्दल विचारले. ज्या देशात क्रिकेटच्या सामन्याइतका पैसा दुसऱ्या कोणत्या खेळात नसेल, तिथे ही दया. आणि इकडे एक रीम कागदाची माफी नाही.

त्याच कायद्यात कलम ५० आहे. एखाद्या भागात शांततेला विशेष धोका असेल तर सरकार तिथे जादा पोलीस ठेवू शकते आणि त्यांचा खर्च तिथल्या रहिवाशांवर बसवू शकते. हे कलम इंग्रजी अमदानीतल्या दंडात्मक पोलिसांचा वारसा सांगते. तेव्हा ते बंडखोर गावांवर वापरले जाई. पण त्याचाच एक वेगळा अवतार आपल्या कामाचा आहे. नागरी हक्क संरक्षण कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने कलम १० अ घातले गेले: अस्पृश्यतेचे गुन्हे करणाऱ्या किंवा त्यांना पाठीशी घालणाऱ्या रहिवाशांवर सरकार सामूहिक दंड बसवू शकते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १६ ने तेच येथेही लागू केले. म्हणजे बहिष्कार टाकणाऱ्या गावाकडून दंड वसूल करण्याची सोय कायद्यात आहे. ती वापरल्याचे मात्र क्वचितच ऐकू येते. सामन्याचे शुल्क माफ होते, गावाचा दंड बसतच नाही, आणि जीपचे भाडे मार खाल्लेल्या पोराचा बाप देतो.

अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा पैसा हा तर स्वतंत्र लेखाचा विषय; येथे थोडेच सांगतो. १९९५ च्या नियमांतला नियम ७ म्हणतो की तपास उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करू नये. नियम चांगला. पण उपविभागीय अधिकाऱ्याकडे चार-पाच ठाणी, शेकडो गावे. कायदा करताना त्याच्या गाडीचे डिझेल कोणी मोजले नाही. नियम १४ प्रमाणे पीडितांच्या मदतीची व पुनर्वसनाची तरतूद राज्याने वार्षिक अंदाजपत्रकात करायची आहे. ती होते, पण गृह खात्यात नव्हे, सामाजिक न्याय खात्यात. वाढीव खर्चाचा निम्मा भाग केंद्र देते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर ही मदत गुन्ह्याप्रमाणे ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत आहे आणि ती टप्प्यांनी मिळते: गुन्हा नोंदला की काही, दोषारोपपत्र गेले की काही, पुढचे शिक्षेनंतर. आता पाहा, एका खात्याचा पैसा दुसऱ्या खात्याच्या कागदावर अडकलेला आहे. पोलिसाकडे डिझेल नाही म्हणून तपास रखडला, की दोषारोपपत्र रखडते, की विधवेचा हप्ता रखडतो. समाजकल्याण कार्यालय म्हणते पोलिसांकडे जा, पोलीस म्हणतात समाजकल्याणकडे जा, आणि दोघेही खरे बोलत असतात.

एवढे वाचल्यावर मी पुन्हा गौण शीर्ष ११० वर आलो. ग्राम पोलीस. ह्यात मुख्यतः पोलीस पाटलांचे मानधन. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने हे पद आजच्या रूपात आले. मार्च २०२४ मध्ये मानधन ६,५०० वरून १५,००० रुपये करण्याचा निर्णय झाला. त्याआधीचा कायदा बरोबर शंभर वर्षे जुना, १८६७ चा. आणि त्या शंभर वर्षांत गावचा पोलीस कोण होता? कागदावर पाटील. प्रत्यक्षात पाटलाच्या हुकमाने रात्री गस्त घालणारा, चोराचा माग काढणारा, मुडदा सापडला तर फौजदार येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहणारा, जन्ममृत्यूची वर्दी घेऊन तालुक्याला चालत जाणारा, सरकारी टपाल आणि खजिना पोचवणारा, आलेल्या अंमलदाराच्या घोड्याला वैरण घालणारा, तो महार. काही गावांत रामोशी, काही ठिकाणी भिल्ल. माझे आजोबा येसकरकीच्या पाळीवर होते. त्यांची घुंगराची काठी आमच्या घरात मी लहान असेपर्यंत होती.

ह्या पोलिसाचा पगार कोणत्या शीर्षाखाली पडे? कोणत्याच नाही. वतनाची तुकडाभर जमीन, तिच्यावरही सरकार जुडी नावाचा सारा घेणार; आणि बाकी बलुते, जे गावाने द्यायचे. काम सरकारचे, पगार गावाचा, आणि गावाला राग आला की बलुते बंद. शिवाय काम एकट्याचे नव्हे. पाळीवाला आजारी असेल तर भाऊ, भाऊ नसेल तर बायको. १९२८ च्या मार्चमध्ये मुंबई कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते नेमके ह्यावर बोट ठेवून. बलुत्याऐवजी रोख कर बसवा, तो सरकारने वसूल करून महारांना द्यावा, ज्यांना वतन सोडायचे त्यांना जमीन सोडवून घेऊ द्या, अशी ती मागणी होती. ते विधेयक आपण सामाजिक गुलामगिरीविरुद्धचे म्हणून वाचतो आणि ते तसे आहेच. पण ते अंदाजपत्रकावरचे भाषणही आहे: सरकारने आपल्या नोकराचा खर्च आपल्या तिजोरीतून करावा. ते विधेयक पुढे गेले नाही. १९३९ मध्ये हरेगावच्या परिषदेत वाढीव जुडीविरुद्ध आवाज उठला. वतन जायला १९५८ चा कायदा यावा लागला.

आजोबा सांगत, वर्दी घेऊन तालुक्याला जायचे म्हणजे भाकरी आपली, पायताण आपले. पुस्तक मिटल्यावर मला त्या पायताणाची आठवण झाली. वतन गेले, सरकारचे काम आणि पैसे आपले, ही रीत ठाण्याच्या उंबऱ्यावर शिल्लक आहे. फक्त आता ती सगळ्याच गरिबांना लागू झाली आहे, जात न विचारता. आपल्याला जरा आधी आणि जरा जास्त.

कार्यकर्त्यांनी काय करावे, असे कोणी विचारील. मी शिक्षक आहे, मला अभ्यासच सांगता येतो. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ४ प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने आपल्याला मिळालेली तरतूद आणि झालेला खर्च स्वतःहून जाहीर करायचा असतो. अधीक्षक कार्यालयाने तो जाहीर केला आहे का, ते पाहावे. नसेल तर दहा रुपयांचा अर्ज. मागायचे फार नाही: गेल्या तीन वर्षांत बाब १३ व बाब २४ खाली किती आले, कोणत्या महिन्यात आले, कोणत्या ठाण्याला किती लिटर दिले, बंदोबस्तावर किती गेले. नागरी हक्क संरक्षण शाखेच्या जिल्हा कक्षाला गाडी आहे का, आणि ती महिन्यात किती किलोमीटर चालते. आमच्या महाविद्यालयातल्या चार मुलांनी असा अर्ज लिहिला. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत बसवावा लागतो. पहिला खर्डा सहाशे शब्दांचा झाला, कारण निम्म्यात त्यांनी सरकारचा निषेध केला होता. तो काढून टाकायला त्यांना फार जड गेले. ठाण्यात निवेदन देताना "तपास तातडीने करा" असे लिहिण्याऐवजी "तपासासाठी अमुक गाडी अमुक दिवशी उपलब्ध करून द्यावी व तसे लेखी कळवावे" असे लिहिले, की उत्तर देणे भाग पडते, हाही आमचा अलीकडचा अनुभव.

त्या जीपचे काय झाले ते सांगायचे राहिले. नियम ११ प्रमाणे पीडिताला, त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांना आणि साक्षीदारांना तपासाच्या व खटल्याच्या ठिकाणी येण्याजाण्याचे भाडे मिळते, दैनिक भत्ता मिळतो, आणि तो तीन दिवसांच्या आत द्यायचा असतो. आम्ही अर्ज केला. तीन दिवसांचे चार महिने झाले. मग त्या दोन पोरांचे आणि साक्षीदारांचे एसटीचे भाडे मिळाले. साहेबांना गावी नेण्यासाठी सांगितलेल्या जीपची पावती मात्र परत आली. पीडिताने पोलिसांना नेण्याचा खर्च कोणत्याही नियमात बसत नाही, असे त्या कार्यालयातल्या लिपिकाने सांगितले, आणि त्याचे म्हणणे बरोबर होते. कागदाच्या रिमेची पावती मी घेतलीच नव्हती.